बसादीची बोगाडी

आमच्या दित्लारेंग गावात मोनागेंगला कुणी गरीब म्हणत नसे, कारण गरीब कोण हे ठरवायला आधी गावात कुणीतरी धड श्रीमंत असावा लागतो. म्हाताऱ्या दिन्तवेकडे गुरं होती, हे खरं. कालाहारीच्या कडेला तेवढी गुरं दुसऱ्या कुणाकडे नव्हती. पण म्हातारा आमच्यासारखाच ज्वारीचा घाटा खायचा, कोपरावर विरलेल्या कोटात चावडीवर बसायचा आणि गुरांच्या तळावर आला की मोनागेंगच्याच वाडग्यातलं विरजलेलं दूध बोटांनी चाटायचा. त्याच्या बायकोची चूल आणि मोनागेंगची चूल यांत फरक होता तो फक्त भांड्याच्या आकाराचा.

दिन्तवेने आपली गुरं एका जागी कधीच ठेवली नाहीत. घराघरांत वाटून दिली होती. आमच्याकडे याला माफिसा म्हणतात. गुरं मालकाची, राखण तुमची. दूध तुमचं, पेरणीला बैल तुमचे. जनावर मेलं तर मांस तुमचं, कातडं मात्र मालकाला नेऊन दाखवायचं. अशी वर्षानुवर्षं नीट राखलीत की एक दिवस मालकाचं मन भरून येतं आणि तो एखादी कालवड तुमच्या नावाने बाजूला काढतो. याचा कुठे कायदा नव्हता, नुसती लाज होती. ज्याने कालवड दिली नाही त्याची गावभर छी थू व्हायची. आणि दिन्तवे काही संत नव्हता. एका तळावर रोग आला तर दुसऱ्या तळावरची गुरं वाचावीत, चावडीवर वाद निघाला तर दहा घरांनी आपल्या बाजूने बोलावं, हा त्याचा हिशेब होता. श्रीमंताला गरिबाची गरज होती. ती गरज संपली तिथून सगळं बिघडलं, असं माझं मत आहे आणि ते मी कुणासमोरही बोलेन.

मोनागेंगला त्याची कालवड मिळाली ती मोठ्या दुष्काळात. गवत संपलं, विहिरी आटल्या, तेव्हा तो सगळा कळप घेऊन दूरच्या कोरड्या तळ्याकडे निघून गेला. तिथे वाळू उकरून बादली बादली पाणी काढलं आणि गुरांना पाजलं. परत आला तेव्हा त्याच्या बरगड्या आणि गाईंच्या बरगड्या सारख्याच दिसत होत्या, पण कळप उभा होता. दिन्तवे काठी टेकत गोठ्याच्या तोंडाशी आला. दोन गुराखी शेजारी होते. म्हातारा म्हणाला, "ती तांबडी, पांढऱ्या पोटाची. ती तुझी. तिच्या पोटचं सगळं तुझं."

आता रीत अशी की दिलेल्या जनावराच्या कानावर घेणाऱ्याने आपली खूण कापायची. प्रत्येक घराची खूण निराळी असते. मोनागेंगच्या आज्याची खूण होती, सुरी होती, कालवडही समोर उभी होती. घरी मात्र भांडण झालं.

"आजच कान काप तिचा," त्याची बायको बसादी म्हणाली.

"आज कसा? म्हातारा अजून तळावरच आहे."

"मग बरंच झालं. त्याच्यासमोर काप."

"अगं, लोक काय म्हणतील? भिकाऱ्याला कालवड मिळाली आणि त्याने आधी सुरी शोधली."

"म्हणू देत. भीड भिकेची बहीण असते."

"दिन्तवेबाबाचा शब्द आहे, बसादी."

"शब्द त्याच्या तोंडात आहे, कालवडीच्या कानात नाही. आणि तोंड म्हातारं झालंय."

मोनागेंगने कान कापला नाही. अशी चूक आमच्याकडचा सभ्य माणूसच करतो. घेतल्याबरोबर खूण करणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर 'तुझा भरवसा नाही' म्हणणं. तांबडी दिन्तवेच्या खुणेनेच वाढली, व्याली, तिच्या कालवडी व्याल्या, आणि त्या सगळ्यांच्या कानांवर दिन्तवेचीच खूण पडत गेली. बसादी दर खेपेला वासराचा कान बघायची आणि काही न बोलता आत जायची. बोलली असती तर परवडलं असतं.

या बसादीला त्याने रीतसर मागितली होती. तिच्याकडच्या थोरल्यांनी सोयरिकीची तंबाखू घेतली, मुलगी दिली आणि बोगाडी मागाहून आणा म्हणाले. बोगाडी म्हणजे मुलीच्या माहेरी द्यायची गुरं. ती येईपर्यंत बाई नांदते, पोरं होतात, पण चावडीच्या लेखी नवरा अजून नवरा नसतो. तसं कुणी मनावर घेत नाही. बसादीचा थोरला भाऊ रापुला तर थट्टेवारीच न्यायचा.

"काय दाजी, गुरं निघाली का? चालत येतायत की रांगत?"

"तांबडीचं पोट बघ की जरा. सारखी तुझ्यासाठीच विते."

"मला नको रे, माझ्या बहिणीला पाहिजेत. नाहीतर उद्या मी तिला परत नेईन आणि तुझ्या हातात केरसुणी देईन!"

बसादी आतून ओरडायची, "दादा, आजच ने. चहा तरी वेळेवर मिळेल."

आठ ठरली होती. तांबडीचा वंश सातावर आला तेव्हा रापुला म्हणाला, असतील तेवढी दे, उरलेलं वासरू मागून आण. मोनागेंगला मात्र आठ जनावरं एकदम रांगेने सासरच्या गोठ्यात शिरताना बघायची होती. गरिबाची हौस. त्या हौसेपायी त्याने एक पावसाळा थांबायचं ठरवलं आणि त्याच साली दिन्तवे वारला.

तोवर देशात हिरे निघून बराच काळ झाला होता. रस्ते झाले, शाळा झाल्या, दवाखाना झाला. खोटं कशाला बोला. केफिल्वे, मोनागेंगची लेक, त्याच शाळेत शिकली. पण हिऱ्यांचा पैसा पगाराच्या वाटेने चालत आला, आणि पगार होता राजधानीत. दिन्तवेचा मुलगा बाकांग तिथे सरकारी कचेरीत मोठ्या खुर्चीवर बसला. मग सरकारने ठरवलं की मोकळं रान सगळ्यांच्या गुरांनी ओरबाडून नासतंय. तेव्हा जो स्वखर्चाने बोअर मारील त्याला रानाचा मोठा तुकडा पट्ट्याने मिळेल, त्याने कुंपण घालावं. बोअर कोण मारणार? ज्याला बँक दारात उभं करते तो. ज्याच्याजवळ आहे त्यालाच आणखी मिळावं असं कुणी मुद्दाम लिहिलं नसेल. पण लिहिणाऱ्यांच्या घरीही गुरं होतीच.

बाकांगने बोअर मारली, कुंपण घातलं. आमची चराई निम्मी झाली. शिवाय कुंपणातलं गवत संपलं की त्याची गुरं बाहेर आमच्या रानात यायची; आमची गुरं मात्र आत जायची नाहीत. त्याचं ते त्याचं आणि आमचं ते सगळ्यांचं, असा तो न्याय होता.

बापाच्या शोकाचं वर्ष सरलं आणि बाकांग मोठा ट्रक घेऊन तळावर आला. घराघरांत वाटलेली गुरं आता त्याला एका कुंपणात हवी होती. पाण्याला यंत्र होतं, रोगाला डॉक्टर होता, चावडीपेक्षा वरची कोर्टं होती. दहा घरांशी गोड बोलायची त्याला काय गरज? ट्रकमध्ये तांबडी चढली, तिच्या लेकी चढल्या.

"बाकांग, लेकरा," मोनागेंग म्हणाला. लहानपणी याच पोराला खांद्यावर घेऊन तो तळावर हिंडला होता. "ही सात माझी. तुझ्या बाबानं दिलेली."

"काका, मी तुम्हाला खोटं म्हणतच नाही," बाकांग अगदी मऊ आवाजात म्हणाला. "पण कानावर खूण कुणाची आहे?"

"त्याची. मी कापली नाही."

"का नाही कापली?"

याचं उत्तर मोनागेंगजवळ होतं, पण ते त्या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं. तुझ्या बापाची लाज राखली, असं कसं म्हणणार? आणि न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत.

प्रकरण चावडीवर गेलं. दोन साक्षीदारांपैकी एक मेला होता. दुसरा बाकांगच्या कुंपणावर पगारी होता. त्याला ऐनवेळी काही आठवेना. मुखियाची स्वतःची गुरं बाकांगच्या बोअरवर पाणी पीत होती. त्याने घसा खाकरून सांगितलं की माणूस विसरतो, कान विसरत नाही. सगळे हसले. बळी तो कान पिळी, दुसरं काय! बाकांगने मग उदारपणे मोनागेंगला आपल्याकडे महिन्याच्या पगारावर गुराखी ठेवलं. लोक म्हणाले, बघा, बापाचं रक्त आहे.

त्या पगारात दूध नव्हतं. बैल नव्हते, म्हणून बसादीचं शेत पडीक राहिलं. भाड्याचा ट्रॅक्टर येईपर्यंत पेरणीची ओल निघून जायची. ज्या गाईंचं दूध ती धार काढून घरी न्यायची, तसल्याच गाईंचं दूध आता दुकानातून खोक्यात घ्यायचं, तेही चहापुरतं. पुढे सरहद्दीपलीकडून भुकेजलेली माणसं आली आणि निम्म्या पगारात राबू लागली. बाकांगच्या मुकादमाने मोनागेंगला एक घोंगडी देऊन निरोप दिला. तो त्या पोरांवर चिडला नाही. "त्यांच्याकडचा बाकांग आणखी मोठा असेल," एवढंच म्हणाला.

मग नवरा-बायको दोघं सरकारी मजुरीवर रस्त्याकडेचं गवत कापायला जाऊ लागली. त्याच रस्त्याने दर शुक्रवारी बाकांगची गाडी राजधानीहून यायची. बाकांग काच खाली करून हात हलवायचा. बसादी विळा वर करून हात हलवायची आणि दातांतल्या दातांत म्हणायची, "माझ्या सातातल्या एकेका गाईचा एकेक टायर आहे बघ."

"गाडीला चारच टायर असतात."

"चार दिसतात. उरलेल्या गाई आतल्या सीटमध्ये असतील."

एका हिवाळ्यात, गवत कापता कापताच, ती डोकं धरून खाली बसली आणि पुन्हा उठली नाही.

तिला शवागारात ठेवलं त्या संध्याकाळी रापुला आला. दारात उभा राहिला, आत बसला नाही.

"मोनागेंग," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने दाजी म्हटलं नाही. "बसादीला आमच्या अंगणातून नेऊ. शनिवारी पहाटे."

"माझ्या घरातून नको?"

"तुझं घर तिचं कसं? बोगाडी आली नाही. तू पाहुण्यांत उभा राहशील."

"रापुला, मी तिच्याबरोबर म्हातारा झालो."

"मला ठाऊक आहे ना! मी काय परका आहे?" रापुलाचा आवाज फाटला. "पण घरातल्या म्हाताऱ्या ऐकत नाहीत. माझी स्वतःची पोरं शहरात पोरींबरोबर राहतात, एकानं शेळीसुद्धा दिली नाही. तुझं सोडलं तर उद्या कुणाला काय विचारू?"

गरिबाजवळ मोजायला काही उरलं नाही की तो रीत मोजायला बसतो. रापुलावर मला राग येतो आणि येतही नाही.

मग रापुलाच खालच्या आवाजात म्हणाला, "एक आण. एकच. वासरू असलं तरी चालेल. बोगाडी जोडीनं लागते, तर जोडीदार मी माझ्या गोठ्यातून उभा करतो, कुणाला कळायचं नाही. पण चार पायांवर चालत आलं पाहिजे. तेवढं झालं की दुखवट्यात नवऱ्याने बसायच्या गादीवर तूच बसशील, पहिली माती तूच टाकशील. मी बघतो म्हाताऱ्यांकडे."

मोनागेंगला दुसरं काहीच नको होतं. गावात ज्यांच्याकडे दोन-चार जनावरं उरली होती ती बँकेत गहाण तरी होती, नाहीतर कुणाच्या तरी पोराच्या बोगाडीत ठरलेली. केफिल्वे शहरात दुकानात गल्ल्यावर बसायची. तिचा पगार शवपेटीच्या आणि शवागाराच्या खर्चात गेला. म्हणून तो दुसऱ्या दिवशी चालत बाकांगच्या कुंपणावर गेला.

रजेवर आलेला बाकांग कुंपणातल्या घराच्या ओसरीवर बसला होता. बातमी ऐकून तो खरोखरच रडला, हे मी मान्य करतो. "बसादीमावशी गेल्या? अहो, मला लहानपणी दूध कोणी पाजलं! सांगा काका, काय करू?"

"साहेब, एक जनावर द्या," मोनागेंग म्हणाला. आपल्याच गाईच्या वंशातलं एक, ते तो हात पसरून मागत होता. लेकरा म्हणणारी त्याची जीभ आता साहेब म्हणत होती. "वासरू असलं तरी चालेल. बोगाडीला पाहिजे. शनिवारच्या आत रापुलाच्या गोठ्यात जिवंत उभं राहिलं पाहिजे."

"वासरू? मावशींना वासरू? लोक थुंकतील माझ्या तोंडावर. चांगला मोठा बैल पाठवतो. शुक्रवारी पोचतो, तुम्ही निर्धास्त राहा."

मोनागेंग परतताना वाटेत एकटाच बोलत होता. बसादीला सांगत होता म्हणे, उशीर झाला खरा, पण निघालंय, चालत येतंय.

शुक्रवारी रापुलाच्या अंगणात बायका ज्वारी कांडत होत्या, बाप्यांनी मोठ्या हंड्यांखाली लाकडं रचली होती. रापुलाने गोठा झाडला. आपली एक काळी कालवड त्याने आधीच दाराशी बांधून ठेवली होती, जोडी लावायला. आतल्या खोलीत भिंतीशी नवऱ्याची गादी घातली. मोनागेंग फाटकापाशी उभा राहिला, रापुलाचा काळा कोट घालून. कोट बाह्यांत आखूड होता.

गाडी दुपारी आली. पांढरी, चहूबाजूंनी बंद. ड्रायव्हरने मागचं दार उघडलं तसा गार वाफेचा लोट बाहेर आला. आत आकड्यांना बैलाचे चार तुकडे टांगले होते, स्वच्छ सोललेले.

"जिवंत कुठाय?" मोनागेंगने विचारलं.

"जिवंत न्यायचं तर परवाना लागतो काका, नाक्यावर तपासणी असते, दोन दिवस मोडतात. साहेब म्हणाले, जनावर ते जनावर." ड्रायव्हर मनाने चांगला होता; त्याने वर सांगितलं, "कापायचा त्रासही वाचला तुमचा."

रापुला जवळ आला. आत डोकावला.

"हे मांस आहे, मोनागेंग."

"दिसतंय मला."

"मी काय करू सांग. मांसाला जोडी कशी लावू?"

म्हाताऱ्या बायका ओट्यावरून बघत होत्या. रापुलाने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, आणि त्याने जाऊन आपली कालवड सोडून दिली. ती रानाकडे निघून गेली. मांस मात्र परत पाठवलं नाही. गावाला जेवायला घालायचं होतं. हंडे चढले. केफिल्वे आत गेली आणि तिने ती गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली. बाहेर येऊन बापाला म्हणाली, "बाबा, कोट काढू नका. थंडी आहे." त्याने कोट काढला, घडी घालून रापुलाला दिला.

शनिवारी पहाटे सारं गाव लोटलं. बाकांग आला, त्याला पुढची खुर्ची मिळाली. तो चार शब्द छान बोलला. मावशींच्या हातच्या दुधावर मी वाढलो म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं. मग सूत्रं सांभाळणाऱ्याने आभार मानले: बैल दिल्याबद्दल बाकांगसाहेबांचे, मंडपाबद्दल चर्चचे, आणि कष्ट घेणाऱ्या सर्व शेजाऱ्या-पाजाऱ्यांचे. मोनागेंग शेजाऱ्या-पाजाऱ्यांत होता.

पेटी खाली गेली. रापुलाने मूठभर माती टाकली, मग केफिल्वेने, मग मावश्यांनी. त्यानंतर फावडी निघाली. आमच्याकडे नवऱ्याच्या हातात फावडं देत नाहीत. तो बसून राहतो आणि गावातले बाप्ये आळीपाळीने खड्डा बुजवतात. बाकांगनेही मोठेपणा न धरता कोट काढला, बाह्या सारल्या, दहा-बारा फावडी माती लोटली. लोकांना ते फार आवडलं. मग धापा टाकत तो वळला. रांगेत पुढचा मोनागेंग होता.

"घ्या काका," बाकांग म्हणाला, "तुमची पाळी."

मोनागेंगने फावडं घेतलं. माती लोटू लागला. त्याची पाळी संपली तसा मागच्याने हात पुढे केला, मग त्याच्या मागच्याने केला, रापुलाने हाक मारली. त्याने कुणालाही फावडं दिलं नाही. खड्डा भरून वर उंचवटा होईपर्यंत दिलं नाही.